हजारी शिल्लक दोन

बारदानाचं वजन वजा केल्याशिवाय मी कुणाचा कट्टा कधी लिहून घेतला नाही. घोटीच्या भातगिरणीत ज्यांनी माल आणलाय त्यांना विचारा. आवणीपासून कापणीपर्यंत चिखलात राबलेला शेतकरी काट्यासमोर उभा राहायचा आणि मी चष्मा नाकावर ओढून म्हणायचो, "ओल आहे. दोन किलो कापतो." क्विंटलभर भात भरडला की साधारण ६५ किलो तांदूळ, बाकी तूस, कोंडा, कणी. हा उतारा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायचा. हमाल माझ्यामागे मला काय म्हणायचे ते इथे छापता येणार नाही. तोंडावर 'दिवाणजी' म्हणायचे.

हा माणूस निवृत्त झाला आणि रोज सकाळी एक गोळी तोंडात टाकायला लागला. त्या गोळीची ओल किती, तूट किती, उतारा किती, यातलं काहीएक त्याने विचारलं नाही.

गोळी आमच्यात आणली गुरुजींनी. आमचा सकाळी सिन्नर रस्त्याला फिरायला जाणाऱ्यांचा कंपू आहे. इगतपुरी तालुक्याचा पाऊस पाहता वर्षातले चार महिने हे फिरणं म्हणजे छत्री सावरत टपरीपर्यंत जाणं आणि छत्री सावरत परत येणं. त्या टपरीवर गुरुजींना एकदा छातीत कळ आली. तिथून नाशिक, अँजिओग्राफी आणि दोन स्टेन. (घोटीत 'स्टेन्ट' कुणी म्हणत नाही.) महिन्याने गुरुजी परत आले ते वेगळाच मान घेऊन. चहा यायच्या आधी खिशातून पट्टी काढायची, एक गोळी तळहातावर घ्यायची आणि सगळ्यांनी पाहिली याची खात्री झाल्यावर गिळायची. "रक्त पातळ करायची आहे," ते सांगायचे. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन.

आमच्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या डोक्यात विचार आला. "गुरुजींना अ‍ॅटॅक आल्यावर ही गोळी लागली. मग आधीच घेतली तर अ‍ॅटॅक येईलच कशाला? भात भिजल्यावर ताडपत्री टाकायची की आधी?"

या युक्तिवादात आम्हाला कुठेही भोक दिसलं नाही. ताडपत्री म्हटल्यावर घोटीचा माणूस पुढे बोलतच नाही.

मी त्याच दिवशी मेडिकलमध्ये गेलो. चौदा गोळ्यांची पट्टी, भाव कटिंग चहाच्या आसपास. तिथेच खरा घात झाला. महाग औषधाबद्दल माणूस चार प्रश्न विचारतो. एवढ्या स्वस्त मालाबद्दल काय विचारायचं? उलट मीच दुकानदाराला माहिती पुरवली. आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज उगवतो ना, त्याच्याच विलायती भाऊबंदांच्या सालीचा हा सगळा प्रताप. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने ती साल वाळवून, कुटून तापाच्या रोग्यांना दिली. १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमनने तिच्यातल्या औषधाचं पोटाला जरा सोसवेल असं रूप तयार केलं आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन नावाने विकायला आलं. हे सगळं मी एका दिवाळी अंकात वाचलं होतं. "म्हणजे मूळचं आयुर्वेदिकच की," असा निष्कर्ष मी काढला. दुकानदाराने मान हलवून सुट्टे पैसे मागितले.

पट्टी कापायचा कंटाळा म्हणून मी गोळ्या काढून वडिलांच्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत भरल्या. श्रावणात डबी उघडली तर आंबूस वास. मला वाटलं, औषध मुरतंय. ओल लागली की अ‍ॅस्पिरिन फुटते आणि तिच्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं, हे मला फार नंतर कळलं. भाताची ओल बोटाने सांगणाऱ्या माणसाला गोळीची ओल नाकानेही कळू नये!

गोळी सुरू झाली आणि माझ्या हृदयाबद्दलची सगळी काळजी मिटली. हृदयाची मिटल्यावर बाकीच्या अवयवांची कोण करतो? हायवेवर मिसळीबरोबर जादा तर्री मागायला लागलो. मला साखरेचा आजार आहे, तरी पेढ्याला नाही म्हणेना. फिरायला जाणंही कमी झालं. गोळी चालतेय तर आपण कशाला चालायचं?

पहिला इशारा सलूनमध्ये मिळाला. दाढी करताना कानाखाली वस्तरा जरासा लागला. अशा वेळी नाभिक तुरटीचा खडा फिरवतो, आपण 'स्स' करतो, विषय संपतो. त्या दिवशी विषय संपेना. तुरटी झाली, कापूस झाला, पावडर झाली. पांढऱ्या कापडावर थेंब पडत राहिले. बाकड्यावर पेपर वाचत बसलेले दोघे उठून आरशात बघायला आले. सलूनवाला घाबरून म्हणाला, "दिवाणजी, एवढंसंच लागलंय हो, देवाशपथ." आणि मी? मी आरशात बघून प्रसन्न हसलो. "अरे घाबरतोस काय, गोळी लागू पडलीय!"

न आलेला अ‍ॅटॅक कुणाला दाखवता येत नाही, हे मला इतके दिवस खटकत होतं. इतकी गोळी घेऊन हाती पुरावा काय? आता गळ्यावरून ओघळणारा पुरावा सगळ्या घोटीने पाहिला.

दुसरा इशारा दातांच्या डॉक्टरांकडे. दाढ काढायच्या आधी त्यांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? म्हटलं, साखरेची. आणखी काही? म्हटलं, नाही. खोटं बोलायचा हेतू नव्हता. आजाराची असते ती गोळी, ही तर आजार होऊ नये म्हणून होती. गुडघ्यासाठी अधूनमधून घ्यायचो ती दुखण्याची गोळी तर माझ्या हिशेबात तंबाखूच्या चिमटीएवढीच होती. त्या संध्याकाळी तोंडात कापसाचा बोळा धरून मी आठ वाजेपर्यंत मुका बसलो होतो. ही म्हणाली की लग्नानंतरची ती सगळ्यांत शांत संध्याकाळ होती.

तिसरा इशारा इशारा राहिलाच नाही. सकाळी शौचाला काळीकुट्ट, चिकट होऊ लागली. याचा जाहीर उल्लेख करायला संकोच वाटतो, पण ज्या गोष्टीने मला ताळ्यावर यायला हवं होतं ती हीच, त्यामुळे टाळता येत नाही. मी नागलीच्या भाकरीला दोष दिला. हिला सांगितलं, नागली बंद कर, ज्वारी सुरू कर. ज्वारी सुरू झाली. रंग बदलला नाही. मग मी ज्वारीला दोष दिला.

पुढे दम लागायला लागला. रेल्वेचा पूल चढताना मधेच थांबावं लागे. डोळ्यांपुढे काजवे, छातीत धडधड. गिरणीतली सगळी अक्कल पणाला लावून मी निदान केलं: हृदय कमजोर झालंय, गोळी कमी पडतेय. दुसऱ्या दिवसापासून दोन घ्यायला लागलो.

आठवडे बाजाराच्या दिवशी लसणाच्या ढिगाजवळ बसलेल्या एका बाईच्या इलेक्ट्रॉनिक काट्याशी मी वाद घालत होतो. रिकाम्या काट्यावर शून्याऐवजी दहा ग्रॅम दिसत होते. "बाई, आधी हे शून्यावर आण," एवढं म्हटल्याचं आठवतं. त्यानंतर मी कोथिंबिरीच्या जुड्यांवर आडवा. लसणाचा भाव ऐकून दिवाणजी पडले, ही बातमी मी नाशिकला पोहोचायच्या आधी तालुकाभर पोहोचली होती. काट्याचा मुद्दा मात्र कुणीच लावून धरला नाही.

नाशिक घोटीहून ३५ किलोमीटर. त्या प्रवासातलं मला हिचं एकच वाक्य ऐकू आलं, "डबी घेतलीय मी."

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. हिमोग्लोबिन सातवर आलेलं. "काका, काही गोळ्या?" मी सवयीने म्हटलं, "साखरेची." हिने तपकिरीची डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी उघडून वास घेतला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी भिजका माल आणणाऱ्यांकडे बघत असे.

"कुणी लिहून दिली?"

"फिरायच्या कंपूने."

दुर्बीण घातली. जठरात व्रण, त्यातून रक्त झिरपतंय. मग मला सगळा कारभार समजावण्यात आला. ही गोळी रक्तात पाणी वाढवत नाही. रक्तात बिंबिका नावाच्या बारीक पेशी असतात, त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. अ‍ॅस्पिरिन त्यांचं ते चिकटणं मोडते, आणि एकदा मोडलं की ती बिंबिका मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, सुधारत नाही. हृदयाच्या नळीत गुठळी होत नाही ती यामुळे. पण ज्या रसायनाचा हात अ‍ॅस्पिरिन धरते, तेच जठराच्या अस्तराची राखण करत असतं. (हे कोडं १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी सोडवलं आणि १९८२ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. मला सलाईन मिळालं.) त्यात गुडघ्याची गोळी त्याच जातीची, म्हणजे राखणदार दोन्हीकडून बांधलेला. मी विचारलं, "पण गोळीला वरून कोटिंग होतं ना?" डॉक्टर म्हणाले, गोळी पोटात न विरघळता पुढे गेली तरी रक्तातून फिरून अस्तरापर्यंत पोहोचतेच. आणि तो रेल्वेच्या पुलावरचा दम हृदयाचा नव्हता. अंगात रक्तच उरलं नव्हतं. ज्या दुखण्यावर मी गोळी दुप्पट केली ते दुखणं त्या गोळीनेच दिलेलं होतं.

रक्त चढवायचं ठरलं. पेढीत बदली रक्त द्यायला कोण येणार? मुलगा पुण्याला. दुपारी गिरणीतले हमाल टेम्पोतून आले. त्यातला सगळ्यांत जुना बाही वर सारत माझ्या खाटेशी उभा राहिला. "दिवाणजी, जलमभर आमच्या मापातून कापलं तुम्ही. आता ही पिशवी आमच्याकून. वहीत नोंद ठिवा."

मी म्हटलं, "ठेवतो."

"बारदान वजा करून," तो म्हणाला.

माझी भाची नाशिकला डॉक्टर आहे. ती संध्याकाळी आली, माझा रिपोर्ट वाचला आणि खुर्ची ओढून बसली. "मामा, वही आणा." दवाखान्यात वही कुठली? बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आधी तिने माझ्या पूर्वजाची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिल काढलेले रोगी दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिनचा च्युइंग गम चघळायचे आणि त्यांचं रक्त थांबायचं नाही. क्रेव्हन यांनी ताडलं की मग ही हृदयात गुठळीही होऊ देणार नाही. रोग्यांना रोज देऊ लागले, १९५० च्या दशकात हजारो रोग्यांचा दाखला देऊन लिहिलं. ते स्वतः दिवसाला बारा गोळ्या घेऊन बघत होते, नाकातून रक्त येईपर्यंत. "आणि मग?" मी उठून बसलो. "१९५७ मध्ये हार्ट अ‍ॅटॅकने गेले." मी परत आडवा झालो.

माणसाचा अंदाज मात्र खरा निघाला. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना नुसती दिसायला गोळी. १९८८ मध्ये तो वेळेआधी थांबवला, कारण हार्ट अ‍ॅटॅक चाळीस टक्क्यांहून जास्त घटले होते. "चाळीस टक्के!" मी टाळी वाजवली, सलाईनची सुई हलली. भाची म्हणाली, "मामा, टक्क्यात बोलणाऱ्या व्यापाऱ्याला तुम्ही काय विचारायचा?" मूळ आकडा विचारायचो. मूळ आकडा असा: एका बाजूला ११,००० डॉक्टरांत २३९ अ‍ॅटॅक, दुसऱ्या बाजूला १३९. म्हणजे पाचेक वर्षांत हजारी नऊ. आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने मेलेले? गोळीवाले ८१, बिनगोळीवाले ८३.

"तेव्हा सिगारेटी जास्त होत्या, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची औषधं आजच्यासारखी नव्हती," ती म्हणाली. "आता तुमच्या जातीचं बघू." २०१८ मध्ये ब्रिटनचा एक अभ्यास आला, १५,४८० मधुमेही, कुणालाही आधी हृदयविकार नाही, रोज १०० मिलिग्रॅम, सरासरी सात वर्षांहून जास्त. हृदयाचा झटका, पक्षाघात असे मोठे प्रसंग बिनगोळीवाल्यांत हजारी ९६, गोळीवाल्यांत ८५. जमा अकरा. मोठे रक्तस्राव बिनगोळीवाल्यांत ३२, गोळीवाल्यांत ४१. खर्च नऊ.

मी मनात वजाबाकी केली. "शिल्लक दोन! फायद्यातच आहे की!"

"हो. पण ते दोन कोण?"

"म्हणजे?"

"हजारांतले ते दोन तुम्ही की तुमच्या शेजारचा? कट्टे मोजून घेता येतात मामा, माणसं नाही. आणि खर्चाच्या बाजूचे नऊ कोण, त्यातला एक मला दिसतोय."

माझ्या उभ्या नोकरीत शिल्लक कुणाच्या खात्यावर टाकायची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शिल्लक मालकाच्या खात्यावर. इथे मालकच सापडेना.

मग तिने सत्तरीपुढच्यांचं पान काढलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वयस्कांवरचा अभ्यास आला. बहुतेक सगळे सत्तरीच्या वरचे, धडधाकट. जमेच्या बाजूला म्हणण्यासारखं काही नाही, मोठे रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या सरकारी सल्लागार मंडळाने सांगून टाकलं की साठीनंतर पहिला झटका टाळायला म्हणून ही गोळी सुरूच करू नये. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, ज्यांना धोका जास्त आहे, त्यांनी डॉक्टरांशी बसून ठरवावं. "डॉक्टरांशी," ती पुन्हा म्हणाली. "टपरीशी नाही."

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण नवा माळकरी जास्त जोरात टाळ वाजवतो. घोटीला परतल्यावर मी अ‍ॅस्पिरिनचा वैरी झालो. फिरायच्या रस्त्यावर, टपरीवर, किराणा दुकानात, जो भेटेल त्याला जमा अकरा खर्च नऊ. कांदा व्यापाऱ्याने माझ्यादेखत पट्टी गटारात फेकली. त्याला तरी हे फेकणंच योग्य होतं. माझी छाती फुगली. मी गुरुजींकडे वळलो. "गुरुजी, तुम्हीही सोडा. मी मरता मरता वाचलोय."

गुरुजींनी आयुष्यभर मुलांना सांगितलं की ऐकलेलं तपासून घ्या. माझं त्यांनी तपासलं नाही. घरी जाऊन गोळी बंद केली.

चार-दोन दिवसांत त्यांच्या सूनबाईंच्या लक्षात आलं, पट्टी कमी होत नाहीये. तिने सासऱ्यांना धारेवर धरलं, त्यांनी माझं नाव सांगितलं. मग मला फोन. सूनबाई अत्यंत आदराने बोलत होती, "काका, तुम्ही मोठे आहात," आणि त्या आदराखाली जे काही होतं त्याने माझे कान तापले. मी तोंड लपवायला भाचीला फोन केला, तर तिने उरलेला आदरही काढून घेतला.

"मामा, ते पान दुसरं आहे! ज्याला झटका येऊन गेलाय, ज्याच्या नळीत स्टेन्ट आहे, त्याचा हिशेब वेगळा. अशा लोकांत मोठे प्रसंग दरवर्षी शंभरी ८.२ वरून ६.७ वर येतात. हजारी पंधरा, तेही दरवर्षी! रक्तस्रावाचा धोका त्यांनाही आहे, पण समोरच्या पारड्यात केवढं वजन आहे बघा. स्टेन्टवाल्याने मनाने गोळी सोडली तर स्टेन्टमध्येच गुठळी होऊ शकते. तुम्ही एका खात्याची तूट दुसऱ्या खात्यातून कापलीत."

दिवाणजीला यापेक्षा मोठी शिवी नाही. खाती सरमिसळ करणारा माणूस गिरणीत एक दिवस टिकत नाही.

गुरुजी त्याच दिवशी नाशिकला डॉक्टरांना दाखवून आले, गोळी पुन्हा सुरू झाली, सुदैवाने काही बिघडलं नव्हतं. ते अजून टपरीवर पट्टी काढतात, पण आता आधी माझ्याकडे पाठ करतात. सूनबाईने घातलेली अट आहे म्हणे. कंपूत मला भाताचा भाव आणि समृद्धी महामार्ग या दोनच विषयांवर बोलायची परवानगी आहे. मध्यंतरी कुणीतरी विचारलं की छातीत कळ येत असताना अ‍ॅस्पिरिन चावून खातात ते खरं का. मला उत्तर ठाऊक होतं: खरं आहे, पण आधी १०८ ला फोन करायचा आणि गोळी त्यांना विचारूनच. मी तोंड उघडलं आणि सगळे एकदम म्हणाले, "दिवाणजी, इंद्रायणी काय भावाने गेली?"

परवा भाचीचा फोन आला, चौकशीला. हिमोग्लोबिन चांगलं आहे, व्रण भरलाय, पोटात सापडलेल्या जंतूंवरच्या औषधांचा कोर्स पुरा झालाय, अ‍ॅस्पिरिन बंद, गुडघ्याची ती गोळीही बंद. ती खूश झाली.

"मग गुडघे?"

"एकदम हलके झालेत. बाजारात एक वैदू बसतो, त्याची पुडी घेतोय. शंभर टक्के जडीबुटी. दोन दिवसांत गुण आला."

पलीकडे काही क्षण कुणी बोललं नाही.

"दोन दिवसांत? मामा, जडीबुटीने दोन दिवसांत गुडघे हलके होत नाहीत. असल्या पुड्यांत स्टेरॉइड नाही तर दुखण्याचीच गोळी कुटून घातलेली सापडते. त्या पुडीत काय आहे ते विचारलंत?"

"वजन बरोबर होतं," मी म्हणालो. "मी स्वतः करून घेतलं."

"उद्या सकाळच्या गाडीने नाशिकला या. आणि पुडी मामींच्या हातात द्या, तुमच्या नको."